न मोजलेली पिढी

त्या हिवाळ्यात मी इतकी दमलेली होते की सकाळी गाडी सुरू करण्याआधी दोन मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहायची. हिवाळा म्हणजे इथला, जून-जुलैचा. आमचं घर न्यू लिनला, माझा कारखाना ईस्ट टामाकीला आणि मधे अख्खं ऑकलंड. सव्वासहाला निघालं तर पाऊण तास, सातला निघालं तर दीड. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. नवऱ्याचं ऑफिस माउंट वेलिंग्टनला, पण तो आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायचा. मुलीचं, स्वयंपाकाचं बरंचसं तोच बघायचा. त्यामुळे मला दमायला तसं काही कारण नाही, असं माझंच मला वाटायचं. कारण नसताना दमलेल्या माणसाला तक्रार तरी कुणाकडे करता येते?

आमचा कारखाना सॉसचा. टोमॅटो, चिली, बार्बेक्यू, शिवाय दोन-तीन प्रकारच्या चटण्या. मी तिथे क्वालिटी बघते. झाकणं घट्ट बसतायत का, आंबटपणा किती, लेबलवर लिहिलंय तेच बाटलीत आहे का, हे सगळं. आत जाताना टिकली चालत नाही, बांगडी चालत नाही, कानातलं चालत नाही. सुटून सॉसमध्ये पडेल म्हणून. तो नियम दारावर मीच लावलेला आहे. आणि माझं माहेर कुंकवाचं.

कृष्णाकाठी देवळाचं एक गाव आहे. घाटाच्या पायऱ्या जिथे संपतात तिथून चौथी इमारत आमची. पुढे दुकान, मागे कारखाना. कारखाना म्हणजे दोन लांब खोल्या, एक अंगण आणि एक डंक. हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात भिजवायची. पिवळ्याची हळूहळू लाल व्हायला लागली की सावलीत वाळवायची, पुन्हा रस द्यायचा, पुन्हा वाळवायची, मग डंकावर कुटून वस्त्रगाळ करायची. लहानपणी शाळेत माझ्या वह्यांच्या कडा लालसर असायच्या. दुकानावरच्या पाटीवर लिहिलंय, ‘अकरा पिढ्यांची परंपरा’. पेशवाईच्या आधीपासून आमचं कुंकू देवीला जातं असं घरात सांगत. सन कुणालाच माहीत नव्हता. अकरा हा आकडा मात्र लहान मुलालाही पाठ होता. अकरावे बाबा. बारावी मी व्हायला हवी होते. मी एकुलती एक.

मी इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी केली, लग्न केलं, इकडे आले. बाबांनी कधी ‘परत ये’ म्हटलं नाही. मी कधी ‘येणार नाही’ म्हटलं नाही. आई गेली तेव्हा मी पंधरा दिवस घरी होते. तेव्हाही या विषयावर आम्ही दोघं बोललो नाही.

मग एका नोव्हेंबरात बाबांनी फोनवर सरळ सांगितलं. रविवार होता. इथली दुपार, तिथली पहाट. बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

“कारखाना आणि दुकान आक्काच्या नावावर करायचं म्हणतोय. वडिलोपार्जित आहे, तेव्हा तुझी संमती लागणार. वकिलांनी मसुदा पाठवलाय. तिकडच्या आपल्या कचेरीत सही-शिक्का करून पाठव.”

आक्का म्हणजे आमच्याकडे कामाला असलेल्या बाई. मी बारावीत होते तेव्हा त्या आल्या. नवरा अपघातात गेला होता, पदरी दोन मुली. आधी चाळायला बसायच्या, मग वाळवणं बघायला लागल्या, आणि शेवटी शेवटी रसाचं प्रमाण बाबासुद्धा त्यांनाच विचारत. सगळं खरं. तरी माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं:

“आक्कांच्या नावावर? बाबा, त्या कामाला आहेत आपल्याकडे.”

 बाबा म्हणाले, “बरं. विचार कर आणि कळव.”

मी विचार केला नाही. मसुदा छापला, पाकिटात घातला आणि फ्रिजवर ठेवला. तिथे शाळेच्या नोटिसा असतात, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी असते. दर रविवारी बाबांशी बोलायचे, हवापाणी, गुडघे, देवळातली गर्दी. त्यांनी परत विचारलं नाही. आमच्या घरात न विचारणं हाच विचारण्याचा प्रकार आहे. असे सात-आठ महिने गेले. मला तो कारखाना नको होता. तिथे जाऊन मी एक आठवडाही काढू शकले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. पण आपल्या सहीनं तो घरातून जावा हेही नको होतं. आणि हे दोन्ही एकदम मनात बाळगताना माणूस किती दमतो हे तेव्हा मला कळत नव्हतं. मला वाटायचं, मोटरवेमुळे दमतेय.

जूनमध्ये आमच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे साठीचे गोरे गृहस्थ, कारखान्याचे मालक. ऑफिसच्या भिंतीवर त्यांच्या आजोबांचा सॉसच्या ट्रकशेजारचा फोटो आहे. नवीन माणूस आला की ते तो दाखवतात. “हीप्स ओल्ड,” म्हणतात, म्हणजे खूपच जुनं. त्या दिवशी मात्र ते जरा दबल्यासारखे वाटले.

“जपानहून एक जण येतायत,” ते म्हणाले. “सोया सॉसचं घराणं. साडेतीनशे वर्षं जुनं म्हणे. आपण त्यांचा माल इथे बाटल्यांत भरायचा, असं बोलणं चाललंय. मालक स्वतः बघायला येतोय. तू त्यांना फिरव. तुझंही असंच काहीतरी जुनं आहे ना घरचं? लाल पावडरचं?”

“हो,” मी म्हटलं. ख्रिसमसच्या जेवणात कधीतरी मीच सांगितलं असणार.

“स्वीट ॲज,” म्हणजे झकास, असं साहेब म्हणाले आणि जबाबदारी माझ्यावर आली.

ते गृहस्थ आले तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लहानखुरे निघाले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, करड्या रंगाचा सूट, पायात आमच्या कारखान्याचे दोन नंबर मोठे सेफ्टी शूज. बरोबर ऑकलंडमध्येच राहणारी एक जपानी मुलगी होती, दुभाषी. त्यांनी तीन तास सगळं बघितलं. प्रश्न फार विचारले नाहीत. फक्त एका ठिकाणी, बाटल्या धुण्याच्या मशीनपाशी, ते वाकले आणि पाण्याचा वास घेतला. मान हलवली. माझ्या बाबांनीही नेमकं तेच केलं असतं, म्हणून मला उगीच गलबलल्यासारखं झालं.

दुपारी साडेतीनला त्यांना शहरातल्या हॉटेलवर सोडायचं काम माझ्याकडेच आलं. ते पुढे बसले, दुभाषी मुलगी मागे. माउंट वेलिंग्टनच्या आसपास गाड्या थांबल्या त्या हलेनात. मी बाजूला बघितलं तर त्यांची मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोपले होते. मागच्या मुलीने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

मला त्यांना उठवायचं जिवावर आलं. पुढच्या एक्झिटला मी मोटरवे सोडला आणि पॅनम्युअरला, जिथे भरतीचं पाणी आत येऊन मोठं तळं होतं, तिथे काठाला गाडी लावली. इंजिन बंद केलं. पस्तीस मिनिटं आम्ही दोघी गप्प बसलो. ती फोनवर काहीतरी वाचत होती. मी नुसतं पाण्याकडे बघत होते. त्या वर्षात दिवसाउजेडी मी पहिल्यांदाच असं काही न करता बसले असेन.

जागे झाल्यावर त्यांनी पट्ट्यात अडकलेल्या अवस्थेतच वाकून माफी मागितली. मी म्हटलं, “ट्रॅफिक होतं.”

त्यांनी बाहेर बघितलं, मग काहीतरी बोलले. ती मुलगी हसली. “ते म्हणतायत, तुमच्या ट्रॅफिकमध्ये बदकं पोहतायत.”

मीही हसले. मग ते सावकाश बोलायला लागले. ती तुकड्यातुकड्यांनी इंग्रजीत सांगत होती.

“घरी मला दिवसा झोपता येत नाही. मालक दुपारी झोपला तर लोकांना वाटतं, आजारी आहे. मग सगळ्यांना काळजी, आता घराण्याचं काय होणार? म्हणून मी चाळीस वर्षं दुपारी ताठ बसतोय.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्या घरी किती पिढ्या?”

“अकरा. असं पाटीवर आहे.”

“म्हणजे तुम्ही बाराव्या.”

“नाही. मी सॉसमध्ये आहे.”

हे तिनं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. “माझा मुलगा दातांचा डॉक्टर आहे. ओसाकाला असतो.”

“मग आता पुढे?” मी विचारलं. खरं तर मी विचारायला नको होतं.

“आमच्याकडे सोया आंबवण्याचं काम बघणारा एक प्रमुख कारागीर आहे. सेहेचाळीस वर्षांचा. येत्या वसंतात मी त्याला दत्तक घेणार.”

“सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला?”

“मला घेतलं तेव्हा मी तिसाचा होतो. माझे वडील त्या घराच्या ट्रकवर ड्रायव्हर होते.” ते हे अगदी साधेपणाने बोलले. “मालकांना मुलगी होती, मुलगा नव्हता. मुलीशी लग्न लावलं आणि आडनाव दिलं. आमच्यात असं बऱ्याचदा झालंय. साडेतीनशे वर्षं काय एका रक्तावर चालतात?”

मी विचारलं, “तुमच्या मुलाची संमती लागली?”

“कायद्यानं लागली असती का, मला माहीत नाही. मी मागितली. त्यानं दोन वर्षं लावली.”

“का?”

इथे ती मुलगी जरा थांबली. योग्य शब्द शोधत असावी. “ते म्हणतायत, त्याला ते नको होतं. पण दुसऱ्या कुणाला मिळावं, हेही नको होतं.”

मी पुन्हा पाण्याकडे बघितलं. थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले आणि मुलीने सांगितलं, “माझा त्याच्यावर राग नाही. मी दोन वर्षं आणखी म्हातारा झालो, इतकंच.”

मी गाडी सुरू केली.  हॉटेलपाशी उतरताना त्यांनी मला एक छोटी बाटली दिली, कापडात गुंडाळलेली, आणि खूप खाली वाकले. मला काय करावं कळेना. मी नमस्कार केला. अगदी आपला, दोन्ही हात जोडून.

त्या रविवारी बाबांशी बोलताना मी हवापाण्याऐवजी दुसरंच काढलं.

“बाबा, आपल्या घरात कधी कुणी दत्तक आलं होतं का?”

“दत्तक?” बाबा हसले. त्यांच्या मागे कावळ्यांचा आवाज येत होता. “अगं, माझे आजोबाच दत्तक. लांबच्या चुलतघराण्यातले. सात वर्षांचे असताना आणले.”

“मला कधीच सांगितलं नाहीत.”

“त्यात सांगण्यासारखं काय? सगळ्या घरांत असायचं.”

“कुणी घेतलं त्यांना दत्तक?”

 “काकीबाईंनी,” ते म्हणाले.

हे नाव, म्हणजे हे नातं, मी घरात एकदाही ऐकलं नव्हतं. मग बाबांनी जे सांगितलं ते मी जसं ऐकलं तसं लिहिते. त्या पिढीत दोघे भाऊ होते, त्यातला धाकटा कारखाना बघायचा. तो पटकीत गेला. थोरला आधीच गेलेला. घरात पुरुष उरला नाही. उरली ती त्या धाकट्याची बायको, एकोणीस वर्षांची. तिचं केशवपन केलं आणि तिला आलवण नेसवलं. आणि मग कारखाना बंद पडायच्या ऐवजी तिनं चालवला. बावीस वर्षं. मागच्या खोलीत बसून. पुढे दुकानात एक पगारी माणूस बसायचा, कारण विधवेचं तोंड बघून कुंकू कोण घेणार? पुड्या त्याच्या हातून बाहेर जायच्या. गावाला माहीत होतं, पण दिसत नव्हतं म्हणून चालून गेलं. देवीला कुंकू तिच्या हातचं जायचं. तिनं मात्र ते कधी लावलं नाही.

“रस तीनदा द्यायचा, दोनदा नाही, हे तिनंच ठरवलं,” बाबा म्हणाले. “आपला रंग आहे ना, तो तिचा. माझे आजोबा सांगायचे, आई दिवसभर कुंकवात बसायची, पण आलवण मुळात लालच. त्यावर डाग दिसायचे नाहीत. न्हाणीघरातून पाणी लाल यायचं तेव्हा कळायचं.”

 फोन स्पीकरवर लावून मी टेबलावर पालथा ठेवला होता, का कोण जाणे.

“मग पिढ्या अकरा नाहीत,” मी म्हटलं. “बारा झाल्या.”

“झाल्याच की.”

“पाटीवर अकराच आहेत.”

“पाटी माझ्या आजोबांनी रंगवून घेतली. त्यांनी आईला मोजलं नाही. का ते मी कसं सांगू? त्यांचा जीव होता तिच्यावर. पण पाटी लोकांनी वाचायची असते.” बाबांचा आवाज दमलेला वाटला. “अगं, मी आक्काचं म्हणतोय ते उगीच नाही. उद्या मी गेलो की देवळासमोरची माणसं म्हणणार, ही कोण? विधवेच्या हातचं कुंकू कसलं? ती मागच्या खोलीत बसून कसब दाखवेल, आणि पुढे कुणीतरी भलताच बसेल. म्हणून कागद पक्का हवा.”

मुलगी शेजारच्या खोलीत होती. तिनं दार उघडून विचारलं, “आई, आर यू क्राइंग?” मी म्हटलं, नाही. रडत नव्हतेच. कित्येक महिन्यांनी डोक्यात कुणीतरी चालायचं थांबल्यासारखं वाटत होतं, आणि त्या शांततेत बसवत नव्हतं.

गुरुवारी सुट्टी घेतली आणि भारतीय वकिलातीच्या कचेरीत सही करायला गेले. लांब रांग होती. माझ्या पुढे एक तरुण मुलगा पासपोर्टसाठी, मागे एक आजी पेन्शनच्या कसल्या दाखल्यासाठी. खिडकीतल्या माणसानं कागद वाचला, वर बघून विचारलं, “स्वखुशीनं देताय ना?” मी “हो” म्हटलं. शिक्का बसला. बाहेर येऊन बेकरीतून एक चीज पाय, म्हणजे इथली सारण भरलेली पेस्ट्री, घेतला आणि गाडीत बसून खाल्ला. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. भूक मात्र खूप लागली होती.

कागद पोचल्यावर मी आक्कांना फोन केला. माझ्या बाजूनं तो फोन सात-आठ महिने उशिरा होता. त्यांना हे माहीत होतं की नाही, मला माहीत नव्हतं.

“आक्का, मी आधीच करायला हवं होतं. चुकलं माझं.”

“न्हाय वो ताई,” त्या म्हणाल्या. मागे डंक चालू होता. त्यांनी ओरडून कुणाला तरी तो बंद करायला सांगितला. “तुमचं घर हाय. वेळ लागायचाच. म्या अण्णांना म्हटलं व्हतं, घाई करू नगा. पण त्यांचंबी वय झालं.” बाबांना त्या अण्णा म्हणत.

“पाटीवर बारा पिढ्या लिहून घ्या,” मी म्हटलं. “बाबांनी सांगितलं मला, काकीबाईंचं.”

“मला ठावं हाय त्ये.” आक्कांना माहीत होतं. मला नव्हतं. “पर बारा लिवलं तर म्या तेरावी व्हईन. कशाला? लोकं विचारत बसतील. अकराच ऱ्हाऊ दे.”

मी बराच आग्रह केला. त्या ऐकेनात. मग मीही सोडलं. ज्यांना पाटीखाली रोज बसायचं आहे त्यांना ठरवू दे.

पुढे झालं ते बाबांनी म्हटलं होतं तसंच. देवळासमोरच्या काही दुकानदारांनी आमचं कुंकू घेणं थांबवलं. एकानं आक्कांना तोंडावर कारणही सांगितलं. आक्कांनी विचारलं म्हणे, “आजवर मंग कुनाच्या हातचं इकत व्हता?” तरी माल त्यानं घेतला नाहीच. दिवाळीपर्यंत बरेचसे परत आले. दोघं आले नाहीत ते नाहीतच. देवळाचं मात्र एक दिवसही थांबलं नाही. पुजाऱ्यांना रंगाशी मतलब. आक्का आता पुढच्या गादीवर बसतात. कपाळाला अगदी लहान कुंकू लावतात. ते त्या आधीपासून लावायच्या की आता लावायला लागल्या, हे मला आठवत नाही, आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

आमच्या सॉसच्या कारखान्याला जपानचं काम मिळालं. साहेबांना हवं होतं त्यापेक्षा लहान, पण मिळालं. त्या गृहस्थांचं पत्र वसंतात, म्हणजे त्यांच्या वसंतात, आलं. खाली सही नवीन माणसाची होती, त्याच आडनावानं.

पुढच्या फेब्रुवारीत बाबा इकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा. त्याआधी ते दुकान सोडून दोन रात्रींपेक्षा जास्त कुठे राहिले नव्हते. माझं लग्न पुण्यात होतं, तेव्हाही अक्षता पडल्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. विमानतळावर ते बाहेर यायला दीड तास लागला. त्यांची नखं कायमची लाल आहेत. अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय? बाबांनी सामानातली कुंकवाची डबी काढून दाखवली, आणि इंग्रजी येत नसल्यानं स्वतःच्या कपाळाकडे, मग वर आकाशाकडे बोट केलं. आणखी दोन अधिकारी आले. डबी उघडली, हुंगली, मशीनमधून काढली आणि परत दिली. शेवटी एक बाई अधिकारी “किया ओरा” असा माओरी नमस्कार करून त्यांना दारापर्यंत सोडायला आली. बाबांनी तिला चिमूटभर देऊ केलं. तिनं ते कागदात बांधून घेतलं.

पहिले काही दिवस ते पाच वाजता उठायचे आणि काय करावं न कळून डेकवर बसायचे. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या डेअरीत जायला सुरुवात केली. डेअरी म्हणजे इथलं किराणा दुकान. तिथला मालक गुजराती, त्याला हिंदी येतं. बाबांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, किती पिढ्यांचं दुकान? तो म्हणाला, “अंकल, मी पहिला आणि मीच शेवटचा. विकायला काढलंय.” हे बाबांनी घरी येऊन तीनदा सांगितलं. दुकान असं सहज विकायला काढता येतं याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं की हेवा, मला ठरवता आलं नाही.

एका शनिवारी माझ्या मुलीनं त्यांच्याशेजारी बसून विचारलं, “आजोबा, आर यू सॅड? दुकान गेलं म्हणून?” शेवटचे शब्द ती मराठीत बोलली, फार सावकाश.

बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, “नाही गं बाळा. दमलोय. इतकी वर्षं दमलोय हे कळायला वेळ झाला नव्हता, तो आता झालाय.”

तिला सगळं समजलं नसावं. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि बघितलं, तिच्या बोटांना रंग लागतो का. लागला नाही.

मी पुढच्या सोमवारी साहेबांना सांगितलं, मला आठवड्याला चारच दिवस काम हवंय. मला वाटलं होतं खूप बोलावं लागेल. ते म्हणाले, “स्वीट ॲज, तू विचारायचीच वाट बघत होतो.” इतकी वर्षं मी ज्या दाराला खांदा लावून उभी होते ते दार बंदच नव्हतं, हे कळल्यावर आनंद झाला नाही. थोडा राग आला.

शुक्रवारी आता मी घरी असते. अशाच एका शुक्रवारी सकाळी आक्कांचा फोटो आला. कारखान्यात त्यांनी चाळायचं नवीन मशीन बसवलं होतं. वस्त्रगाळ करायचं काम ते आपोआप करतं. बाबांना विचारलं नव्हतं. बाबा चहा पीत होते. फोटो बघून त्यांनी कप खाली ठेवला.

“कापडातून गाळलेलं वेगळं असतं,” ते म्हणाले. “मशीनचं हाताला कळतं. मला एक शब्द विचारला नाही. एक शब्द!”

“फोन लावू का आक्कांना?”

“नको.”

ते उपमा खाईपर्यंत पुटपुटत होते. मी भांडी घासायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली. “अगं, तो फोटो परत दाखव. मोठा करून.”

मी हात पुसून फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, डोळे बारीक करून मशीनच्या वरच्या भागावर बोट ठेवलं.

“हे झाकण नीट बसत नाहीये,” ते म्हणाले. “इथून उडणार सगळं. तिला सांग, कडेला कापडाची पट्टी लाव म्हणावं.” मग जरा थांबून म्हणाले, “नाहीतर राहू दे. दोन दिवसांत तिचं तिला कळेल.” आणि जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायात सरकवून डेअरीकडे निघाले.